ऱ्हस्व-दीर्घ

कंपूच्या मैदानावर मे महिन्यात
सहा वाजताच उन्हाला धार येते,
म्हणून आम्ही पाचला जमायचो.
एकवीस मुलं, एक शिट्टी, एक वजनकाटा
आणि माझं निळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर.

सगळ्यांना तेवढ्याच फेऱ्या.
तेवढीच मोड आलेली मटकी, वाटीने मोजून.
शनिवारी उरवाई घाटीचा चढ,
जिथे कातळातले तीर्थंकर कधीचे उभे आहेत,
टनावारी दगड,
आणि त्यांना कोणी काट्यावर चढवत नाही.

दहावा आठवडा.
कुहू भदौरिया, वय अकरा : साडेपाच किलो कमी.
निमिष दिघे, वय अकरा : सातशे ग्रॅम.
सातशे, म्हणजे नुसते बूट.
मी त्याला बूट काढायला लावले
आणि पुन्हा उभं केलं.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, कामचुकार.
खाली रेघही ओढली.
त्याच्या आईला फाटकाशी गाठलं,
घरी काय खाऊ घालता, खरं सांगा.
ती दौलतगंजातल्या शिलाईच्या दुकानातून तशीच आलेली,
गळ्यात मापाची टेप.
म्हणाली, सर, परवाच्या मुंजीत
जिलबीचं ताट पुढे आलं तेव्हा हा पंगतीतून उठला,
लोक बघत होते.
मी मान हलवली,
खोटं ऐकताना हलवतात तशी.

पहिल्या दिवशी डॉक्टर मुजुमदारांनी
प्रत्येकाची थुंकी एकेका नळीत घेतली होती,
मुलं हसून लोळली होती.
ऑगस्टात कागद आले.
बाई म्हणाल्या, धागा फार लांब असतो हो,
त्यात एके जागी एक अक्षर वेगळं निघालं.
कुहूचं एक, ह्याचं दुसरं.
घाम तेवढाच गाळला तरी
दोघांची शरीरं त्याला सारखा भाव देत नाहीत.
आणि हेही सगळं नाही, थोडासा वाटा.
उरलेलं आम्हालाही कळलेलं नाही.

माझे वडील जनकगंजच्या शाळेत मराठी शिकवायचे.
सुत म्हणजे मुलगा.
सूत म्हणजे धागा.
उकार चुकला की तळहातावर पट्टी.
वर्गात मुलगा म्हणून मला एक जास्त.
आता पन्नाशीत कळतंय,
मी एका पोराला अशा शुद्धलेखनासाठी मारत होतो
जे त्याने लिहिलंच नव्हतं.

त्याला पायरीवर बसवून सांगितलं,
जमेल तसं, अक्षर, धागा, वगैरे.
तो बुटाची नाडी बोटाला गुंडाळत राहिला.
मग म्हणाला,
सर, मतलब मी चीटिंग करत नव्हतो ना?

नाही.

मग आईला फोन करून सांगा.
केला. पलीकडे मशीन चालू होतं,
माझं वाक्य अर्ध्यावर असताना थांबलं.
ती काही बोलली नाही.
थोड्या वेळाने मशीन पुन्हा सुरू झालं,
आधीपेक्षा हळू.

शेरा खोडला. पण शाईचं पेन,
खोडलेलं मागच्या पानावर उमटलं,
कुहूच्या साडेपाच किलोंच्या बरोबर पाठीवर.

शिबिर संपलं होतं,
शनिवारची घाटी चालू ठेवली, येतील त्यांच्यासाठी.
एप्रिलात निमिष तीनदा बसला होता,
एकदा तर रडकुंडीला येऊन, मोराचं पीस सापडल्याचं निमित्त करून.
आज बसला नाही.
वरच्या वळणावर कठड्याला टेकून
त्याने खाली हाक मारली, कुहू, चल की!
ती अजून मूर्तींपाशी, कमरेवर हात, धापा टाकत.

रजिस्टरात चढासाठी रकाना नव्हता.
गुडघ्यावर वही ठेवून मी तो आखला,
वडिलांच्याच पट्टीने,
थोडा तिरका आला.

सर, वजन? त्याने विचारलं,
सवयीने बूट काढायला वाकत.

काटा खाली स्कूटरच्या डिकीत होता.
विसरलो रे, म्हणालो,
असू देत पायात.